तुलना करा, कारणे देऊ नका

हनोईकडच्या डोंग-मे वॉर्डाच्या कचेरीत बावीस वर्षं आकडेवारीची खुर्ची सांभाळणाऱ्या लामसाहेबांवर वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी इंग्रजी शिकायची पाळी आली, त्याला एक नदी कारणीभूत झाली. नदी बिचारी जिथे होती तिथेच वाहत होती. पण तिच्या या काठचा डोंग-मे आणि त्या काठचा ताय-मे हे दोन वॉर्ड एक करायचं वर कुणीतरी ठरवलं. दोन वॉर्ड एक झाले की दोन शिक्क्यांचा एक शिक्का करता येतो, दोन पाट्यांची एक पाटी करता येते. दोन माणसांचा एक माणूस करायची सोय मात्र अजून सरकारकडे नाही. आकडेवारीची खुर्ची एक आणि तिच्यावर बसायला सवयीची बुडं दोन, असा हा पेच होता.

दुसरं बूड ताय-मेच्या खोआतचं. हाही एक्कावन्न वर्षांचा, यालाही नोकरीत बावीस वर्षं झालेली. तसाच अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, पट्ट्याला तसंच फोनचं कातडी पाकीट, आणि डोक्यावरचे उरलेसुरले केस डावीकडून उजवीकडे नेण्याची पद्धतही तीच. फरक एवढाच की लामसाहेब त्याच्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठे. त्यामुळे ते त्याला 'तू' म्हणत आणि तो त्यांना 'लामदादा' म्हणे, पण असा काही गोड आवाज लावून की लामसाहेबांना दाढदुखी सुरू व्हावी.

फतवा निघाला. दोघांपैकी ज्याच्याकडे इंग्रजीचं प्रमाणपत्र असेल त्याचा खुर्चीसाठी आधी विचार होईल. उरलेल्याची सोय फेरीबोटीच्या धक्क्यावर, तिकीट खिडकीत. वॉर्डातली डुकरं आणि बाळंतपणं मोजायला इंग्रजी कशाला लागतं, हे कुणी विचारलं नाही. विचारायचं तर त्यासाठी वेगळा अर्ज होता.

लामसाहेबांना झोंबली ती खिडकी. सगळं गाव दिवसातून दोनदा त्या धक्क्यावरून जातं. काल ज्या माणसासमोर लोक दाखल्यासाठी वाकून उभे राहत, तो उद्या गजांमागून सुटे पैसे मागणार!

गल्लीच्या तोंडाशी मुईआजीचा बर्फाच्या चहाचा ठेला आहे. वीतभर उंचीची प्लास्टिकची स्टुलं आणि सूर्यफुलाच्या बियांची बशी एवढाच त्याचा पसारा. पण गल्लीतले सगळे निकाल तिथेच लागतात. लामसाहेबांनी बातमी सांगायच्या आत ती तिथे पोचलेली होती.

"पाठ करा," गल्लीप्रमुख सुंगकाका म्हणाले. हे निवृत्त सुभेदार. सैन्यात असताना त्यांनी सगळं पाठच केलं होतं. "नमुन्याचे शंभर निबंध घ्या आणि घोटा. शंभरातला एक तरी येतोच."

"आणि आला नाही तर?"

"तर जो पाठ असेल तो लिहायचा. तपासणाराही माणूसच असतो."

मुईआजीने ग्लासात बर्फ टाकला. "केळं खाऊ नकोस बाबा, परीक्षेत घसरशील. माझ्या नातवाने खाल्लं होतं, आता रिक्षा चालवतो."

लामसाहेबांच्या पत्नी थोआताईंनी हे ऐकलं आणि त्या दिवसापासून घरात केळी बंद झाली. पुढे भोपळा बंद झाला, मग अंडी. अंडं म्हणजे सरळ शून्यच की. महिनाभरात लामसाहेब फक्त भात, परीक्षेला शुभ म्हणतात ती लाल चवळीची खीर आणि अपमान यांवर जगू लागले.

शिकवणीसाठी दिएपबाई ठरल्या. बाईंनी तीस वर्षं शाळेत रशियन शिकवली होती. मग एका उन्हाळ्यात रशियन कुणालाच नको झाली. बाईंनी तीन महिने दार लावून घेतलं आणि बाहेर आल्या त्या इंग्रजीच्या शिक्षिका होऊन. शिस्त तेवढी जुनीच राहिली होती. पहिल्या दिवशी लामसाहेब वर्गात शिरले तर पुढच्या बाकावर खोआत बसलेला.

"या ना लामदादा," तो सरकत म्हणाला, "तुमच्यासाठी जागा धरून ठेवलीय."

वाचणं, ऐकणं, बोलणं कसंबसं रेटता आलं. गाडी अडली ती तक्त्यांवर. या परीक्षेत एक तक्ता देतात. त्यात दोनचार देश किंवा शहरं असतात, त्यांचे उंच-बुटके स्तंभ असतात. त्यांच्यात कुठे साम्य आहे, कुठे फरक आहे हे दीडशे शब्दांत लिहायचं. लामसाहेबांना हसू आलं. बावीस वर्षं आपण दुसरं काय केलं? त्यांनी पहिला तक्ता तिथल्या तिथे निकालात काढला.

तक्ता तीन देशांतल्या दुधाच्या खपाचा होता. बाईंनी त्यांची वही हातात घेतली आणि अख्ख्या वर्गापुढे मराठीत सांगायचं तर असं वाचून दाखवलं: "तिन्ही देशांनी दूध पिण्याच्या आघाडीवर उत्साहवर्धक कामगिरी केली आहे. जपानचा स्तंभ किंचित कमी दिसत असला तरी त्यामागे काही वस्तुनिष्ठ अडचणी आहेत. पुढील वर्षी जपान आपले उद्दिष्ट निश्चित पूर्ण करील."

वही खाली ठेवून बाईंनी चष्मा काढला. "लाम, जपानने तुम्हाला वकीलपत्र दिलंय का?"

"नाही बाई. पण तो बराच खाली आहे. तसंच लिहिलं तर बरं दिसत नाही."

"बरं दिसायला नाही, खरं दिसायला लिहायचं. कोण वर, कोण खाली, कोण सारखा आणि किती, एवढंच. कारणं द्यायची नाहीत. धीर द्यायचा नाही. मत तर मुळीच नको."

लामसाहेब सर्द झाले. एखाद्याला चारचौघांत बुटका म्हणायचं आणि का ते सांगायचं नाही? हा कुठला माणुसकीचा व्यवहार! डोंग-मे वॉर्डात बावीस वर्षांत एकही गल्ली दुसरीच्या मागे पडली नव्हती. सगळ्या गल्ल्या दरवर्षी 'आदर्श' असत. ज्या अगदीच नसत, त्या 'आदर्शतेकडे वेगाने वाटचाल करणाऱ्या' असत. आणि ही किमया करायला लामसाहेबांना कधी उन्हातान्हात हिंडावंही लागलं नव्हतं. आकडे मोजावे लागत नसत. डिसेंबर आला की ते येत.

दिलासा एकच होता, की खोआतच्याही वहीत जपान निश्चित उद्दिष्ट पूर्ण करणार होता.

"तुमच्या दोघांचा आजार एकच आहे," बाई म्हणाल्या. "घरी जा. रोज डोळ्यांसमोर असतं असं काहीतरी मोजा, स्वतः मोजा. तक्ता करा आणि त्यावर लिहा. सर्वांत उंच कोण, सर्वांत बुटका कोण, हे सोडायचं नाही. हातातली भीड गेल्याशिवाय तुम्हाला इंग्रजी येणार नाही."

लामसाहेबांच्या डोळ्यांसमोर रोज गल्ली होती. कानांसमोर तर फारच होती. आमच्याकडे हल्ली चाकांवरचा मोठा कर्णा आणि एक माईक घेतला की कुणीही गायक होतो आणि शेजारी आपोआप श्रोते होतात. तेव्हा बारा घरांचे कराओकेचे तास मोजायचे आणि शनिवारी सकाळी गल्ली झाडायला कोणतं घर किती वेळा उतरतं तेही मोजायचं, असं ठरलं. लामसाहेब मुईआजीच्या ठेल्यावर स्टूल टाकून बसले. चार आठवडे त्यांनी घड्याळ लावून गाणी मोजली. आयुष्यात पहिल्यांदाच ते काहीतरी खरोखर मोजत होते, आणि त्यांना त्याची गोडी लागली. कुणी गाणं अर्ध्यात सोडलं तर ते अर्धं धरत.

तक्ता देखणा झाला. खाली दीडशे शब्दांचं इंग्रजी, त्यात 'तसेच', 'याउलट', 'तर दुसरीकडे', 'जवळजवळ दुप्पट' असं सगळं ठिकठिकाणी पेरलेलं. कागदही त्यांनी चांगला वापरला. कचेरीत अडीअडचणीला उपयोगी पडावेत म्हणून आधीच खाली लाल शिक्का मारून ठेवलेले काही कोरे कागद असतात, त्यातलाच एक. आणि तो कागद ते चहाच्या ठेल्यावर विसरून आले.

मुईआजीने तो सुंगकाकांकडे दिला. काकांना इंग्रजी येत नाही, पण शिक्का वाचता येतो. कागद वॉर्डाचा आहे आणि तोही इंग्रजीत, त्या अर्थी तो वॉर्डाच्याही बराच वरून आलेला असणार, असं त्यांनी ताडलं. गल्लीच्या सभागृहाबाहेरच्या फलकावर, आदर्श कुटुंबांच्या यादीशेजारी, त्यांनी तो स्वतःच्या हाताने चार टाचण्या लावून डकवला. टाचण्या सरळ रेषेत आहेत ना, ते दोन पावलं मागे सरून पाहिलंही.

हल्ली कागदापुढे फोन धरला की तो भाषांतर वाचून दाखवतो. दुपारी पहिल्या फोनने मोठ्या आवाजात वाचलं: "घर क्रमांक तीन आठवड्याला अकरा तास गाते, हे सर्वाधिक आहे." घर क्रमांक तीन सुंगकाकांचं. फोनने श्वासही न घेता पुढे वाचलं: "याउलट, घर क्रमांक नऊ एकदाही झाडावयास आले नाही. घर क्रमांक पाचची परिस्थिती तशीच असून तेथील स्त्री आठवड्याला चार तास गाते."

घर क्रमांक पाच लामसाहेबांचं स्वतःचं.

"बायकोला स्तंभ केलंत!" त्यांनी घरात पाऊल टाकताच थोआताई कडाडल्या. "सगळ्या गल्लीत मला उभी केलीत! आणि झाडायला कशी जाऊ? शनिवारी सकाळी तुमची खीर कोण ढवळतं?"

"अगं, सर्वांत बुटका सोडायचा नाही असं बाईंनी सांगितलंय."

"मग त्या बाईंकडेच जेवा."

संध्याकाळी गल्लीची सभा भरली. लामसाहेबांना मधोमध स्टूल दिलं गेलं. ते इतकं बुटकं होतं की गुडघे हनुवटीला लागत होते, आणि त्या आसनात स्वाभिमान सांभाळणं फार कठीण असतं.

"अकरा तास?" सुंगकाका गरजले. "अकरा तास गायला गळा कुणाचा आहे?"

"मोजलंय मी काका. मंगळवारी अडीच, गुरुवारी तीन—"

"मोजलं? मोजायचं कशाला? मला विचारायचं होतंत, मी आकडा सांगितला असता!"

नऊ नंबरवाली उठली. "माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी झाडायला आले नाही. ते लिहा त्याच्याखाली. आत्ताच्या आत्ता लिहा!"

खरं तर महिन्यापूर्वी लामसाहेबांनीच ते आपणहून लिहिलं असतं, वर गुडघ्याला शुभेच्छाही दिल्या असत्या. पण आता त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कारणं लिहायची नसतात."

यावर जो गोंगाट झाला त्यात मुईआजीचा बारीक आवाज कुणाला ऐकूच गेला नाही. ती म्हणत होती, "मी गात नाही म्हणून माझा स्तंभच नाही. मी काय मेले?"

सर्वानुमते दोन ठराव झाले. एक, तक्ता पुन्हा काढून सर्व स्तंभ एकाच उंचीचे करावेत. दोन, लामसाहेबांनी स्वतःच्या चुकांची कबुली लिहून द्यावी आणि तिची प्रत वॉर्डाला जावी. दुसऱ्या ठरावाने त्यांना अन्न गोड लागेना. वॉर्ड म्हणजे ती खुर्ची! कबुली वाचून वॉर्ड त्यांना तिच्याजवळ तरी फिरकू देईल का?

तिसऱ्या दिवशी खोआत भेटायला आला. चेहऱ्यावर आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा भाव होता आणि हातात पिकलेल्या केळ्यांची फणी.

"फार वाईट वाटलं हो लामदादा. घ्या, दोन खा, परीक्षा परवावर आलीय."

थोआताईंनी ती फणी चिमट्याने उचलून बाहेर नेली.

परीक्षेला दोघं एकाच बसने हनोईला गेले, एकाच ओळीत बसले. लामसाहेबांपुढे तक्ता आला तो दोन शहरांचा: कोण सायकलने जातं, कोण मोटारसायकलने, कोण पायी. दुसऱ्या शहराच्या सायकली दहा वर्षांत पार रसातळाला गेल्या होत्या. लामसाहेबांच्या मनात माया दाटून आली. रस्ते खराब असतील, पूर आला असेल, काही तरी झालंच असेल की! त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि लिहिलं की दुसऱ्या शहराच्या सायकली कमी झाल्या, पहिल्याच्या झाल्या नाहीत. कारणाचं एक अक्षर लिहिलं नाही. बाहेर आले तेव्हा आपण कुणाला तरी रस्त्यात पडलेलं सोडून आलोय असं त्यांना वाटत राहिलं.

निकाल लागला. लामसाहेबांना नवांपैकी साडेपाच. हवे होते तेही साडेपाचच. आनंदाने त्यांनी थोआताईंना आख्खं केळं खायला लावलं. तेवढ्यात फोन आला. "लामदादा, अभिनंदन! मलाही साडेपाच. योगायोग बघा."

नव्या वॉर्डाच्या अध्यक्षबाईंनी दोघांना बोलावलं. टेबलावर गल्लीतून आलेली कबुली होती आणि तिला टाचलेला तो शिक्क्याचा तक्ता.  पण बाई तक्त्याकडे बघून चक्क हसत होत्या.

"छान काढलाय. माझी नणंद राहते तुमच्या गल्लीत, आकडे बरोबर आहेत म्हणाली. आता असं करा. प्रमाणपत्र दोघांकडेही आहे, नोकरी सारखी, वय सारखं. तेव्हा दोघांनीही आपापल्या वॉर्डाचे दहा वर्षांचे अहवाल समोर ठेवायचे, साम्य आणि फरक काढायचे. ज्याचं काम चांगलं दिसेल त्याला खुर्ची. आठवड्याने या."

लामसाहेब तरंगत घरी आले. तुलना! हे तर आता त्यांच्या डाव्या हाताचं काम झालं होतं. डोंग-मेसाठी निळी रेघ, ताय-मेसाठी लाल, असं ठरवून त्यांनी दहा वर्षांची बाळंतपणं आखली. छापून बघतात तो कागदावर नुसती लाल रेघ. यंत्राची निळी शाई संपली असेल म्हणून ती बदलली. पुन्हा लालच. डुकरं आखली, विहिरी आखल्या, क्षयाचे रोगी आखले. सगळीकडे एकच लाल रेघ. मग त्यांनी दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवून बोट फिरवलं. निळी रेघ होती. ती लाल रेघेच्या बरोब्बर खाली होती. सात वर्षांपूर्वी डोंग-मेत एकशे सदतीस डुकरं, ताय-मेत एकशे सदतीस डुकरं.

ते उठले आणि तडक जिल्हा कचेरीत टंकलेखन करणाऱ्या बिकताईंकडे गेले. बिकताई बिया सोलत होत्या.

"ताई, खोआत माझे आकडे उतरवायचा?"

"तो कशाला उतरवेल? उतरवायची मी. दर डिसेंबरात तुमचा फोन यायचा की नाही? 'ताई, खोआतने काय लिहिलंय ते बघा आणि थोडं इकडंतिकडं करून आमचंही भरून टाका.'"

"हो, म्हणजे... घाई असायची. पण मग त्याचं कोण भरायचं?"

"त्याचाही फोन यायचा. 'ताई, लामदादांनी काय लिहिलंय ते बघून भरा.' इकडंतिकडं करायला मला वेळ कुठला? तसंच भरायची."

 "अहो पण ताई, मग मुळात आकडा यायचा कुठून?"

"मागच्या वर्षीचा असायचा ना. त्यात दोन टक्के घालायचे." बिकताईंनी एक बी तोंडात टाकली. "कधी कधी विसरायचे घालायला."

आठवडाभर लामसाहेबांनी बरेच बेत केले. खोआतने माझे चोरले म्हणून ठोकून द्यावं का? पण तोही तेच ठोकून देणार. रेघ जराशी वर सरकवून घ्यावी का? बावीस वर्षांत एवढं धाडस पुष्कळदा केलेलं होतं. पण चार आठवडे स्टुलावर बसून मोजलेले ते बारा स्तंभ डोळ्यांसमोरून हलेनात. सुंगकाकांच्या अकरा तासांतलं एकेक गाणं त्यांनी ऐकलेलं होतं. या एकशे सदतीस डुकरांतलं एकही त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांना लाज वाटली. कबुली लिहितानाही वाटली नव्हती एवढी वाटली.

सभेत त्यांनी तो एका रेघेचा कागद पुढे ठेवला.

"दुसरा वॉर्ड कुठे आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"त्याच्याच खाली आहे."

"म्हणजे फरक?"

"नाही."

"काहीच नाही? कारण काय?"

'वस्तुनिष्ठ अडचणी' हे शब्द लामसाहेबांच्या जिभेवर आले, तिथे बावीस वर्षांची त्यांची वहिवाटच होती. त्यांनी ते गिळले. "आम्ही मोजलं नाही," ते म्हणाले.

खोआतचा कागद त्याच्या हातातच राहिला होता. सगळे त्याच्याकडे वळले तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "माझंही लामदादांसारखंच."

अध्यक्षबाईंनी कागद बाजूला सारला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी नुसती पेनाची टोपी लावली. "म्हणजे कुणी न मोजताच आकडे वेळेवर येतात. मग खुर्ची कशाला हवी? बिक भरेल." मग त्यांनी दुसरी फाइल उघडली. "नदीला दोन काठ आहेत. तिकीट खिडक्याही दोन आहेत."

अशा रीतीने इंग्रजीत साडेपाच मिळवलेले दोन गृहस्थ सोमवारपासून नदीच्या दोन काठांना समोरासमोर बसले. पहिल्याच सकाळी सगळी गल्ली मुद्दाम पलीकडे जाऊन आली. सुंगकाकांनी तिकीट घेताना गजांतून आत वाकून विचारलं, "का हो, आम्ही कितवे?"

"एकशे चौदावे," लामसाहेब म्हणाले. काका तिकीट घेऊन बोटीकडे चालू लागले.

दुपारपर्यंत लामसाहेबांची मान खाली होती, मग ती आपोआप वर आली. कारण मोजायचं तर माणसांकडे बघावं लागतं. कडेवरचं मूल धरायचं की नाही, टोपलीतली बदकं सोडून द्यायची का, हे त्यांनी स्वतःशीच ठरवलं. संध्याकाळी खिडकी बंद करताना वहीत आकडा लिहिला: तीनशे अठ्ठ्याऐंशी. त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिले. एवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या काठावर खोआतच्या खिडकीतला दिवा दिसत होता.

"लामदादा, दमलात ना? मीही. वही भरायचीय हो. तुमच्याकडे किती झाले?"

"तुझ्याकडे किती झाले?"

"आधी तुम्ही सांगा ना. तुमचा आकडा कळला की झालं माझं."

लामसाहेबांनी वही मिटली.

"नाही सांगणार," ते म्हणाले. "उद्यापासून मोज."